21 मोदक, 22 माणसं आणि दोन बर्नर

प्रिय ताई,

आमचा गणपती दीड दिवसाचा. आजवर तो संगमेश्वरजवळच्या गावी, मोठ्या काकूंच्या देखरेखीखाली बसायचा आणि आम्ही चाकरमानी आयते जेवायला जायचो. यंदा काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, घराचं छप्परही दुरुस्तीला काढलंय, म्हणून बाप्पा आमच्या ठाण्याच्या फ्लॅटमध्ये येणार. जेवायला 22 माणसं. मी नोकरी करते. रोजचा स्वयंपाक बरा जमतो, पण उकडीचे मोदक म्हटलं की हात गळतात. जेव्हा जेव्हा केले तेव्हा झाकण उघडल्यावर सारण बाहेर आणि पारी आत, असंच दृश्य दिसलं.

सासूबाई म्हणतात, 101 मोदक झाले पाहिजेत आणि तेही हाताचे. जाऊबाई म्हणतात, आता कोण करत बसतं, सगळं विकत आणू. नवरा म्हणतो, "एवढा कसला ताण? पेढे ठेवू की." त्यातून आत्येसासूबाई येणार आहेत, त्या मोदकाच्या पाकळ्या मोजतात. नैवेद्याचा स्वयंपाक चाखायचाही नाही म्हणतात, मग मिठाचा अंदाज यायचा कसा? काय करू, कधी करू आणि काय सोडून देऊ?

– गॅसवर असलेली सून, ठाणे

अगं सूनबाई,

तो 101 चा आकडा आधी डोक्यातून काढ. बाप्पाच्या नैवेद्याला 21 मोदक लागतात. त्यापुढचे सगळे माणसांसाठी, आणि माणसं तिसऱ्या मोदकाला पानावर हात आडवा धरतात. 22 माणसं, माणशी 3, म्हणजे 66. मधुमेहवाले एकावर थांबतील, "मला गोड फारसं नाही हं" म्हणणारे पाच खातील, आणि हिशोब पुन्हा 66 च्या आसपासच येईल. यातले 21 तू घरी कर आणि 45 सरळ विकत आण.

यावर सासूबाई नाराज होतील, कारण 101 नाहीत. जाऊबाईही नाराज होतील, कारण 21 तरी कशाला. दोघी सारख्याच नाराज झाल्या की समज, तोडगा बरोबर निघालाय. पेढ्यांचं म्हणशील तर ते आरतीनंतर येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या हातावर ठेवायला लागतीलच. ते आणायचं काम नवऱ्याकडे दे, सूचना त्याचीच आहे.

विकतच्या मोदकांबद्दल दोनच गोष्टी सांगते. एक, ऑर्डर आठ-दहा दिवस आधी दे आणि ते त्याच दिवशी सकाळी केलेले असतील ना, हे विचारून घे. ओल्या नारळाचं सारण भाद्रपदातल्या दमट हवेत फार तग धरत नाही. सकाळी आणलेले मोदक दुपारपर्यंत गार आणि चिवट होतात, म्हणून वाढण्यापूर्वी चार-पाच मिनिटं पुन्हा वाफेला लाव. दुसरी गोष्ट, ते लपवू नकोस. डब्यातून काढून घरच्या परातीत रचलेस आणि "सगळे घरचेच" म्हणालीस, तर आत्येसासूबाई पारीच्या जाडीवरून ओळखतील आणि पुढची दहा वर्षं प्रत्येक लग्नकार्यात ती गोष्ट सांगतील. "नैवेद्याचे घरचे, बाकीचे आणलेत," असं स्वतःच सांगून टाक. मग कुणाला शोध लावायला काही उरत नाही.

आता तुझ्या 21 मोदकांकडे वळू. सारण बाहेर येण्याचं कारण बहुतेक वेळा कळ्यांमध्ये नसतं, उकडीत असतं. गव्हाच्या कणकेला जो चिकटपणा आपोआप येतो तो तांदळाच्या पिठीला येत नाही. पिठी एकत्र धरून ठेवायला तिच्यातला स्टार्च शिजून फुलावा लागतो, आणि त्यासाठी पाणी खळखळ उकळतं हवं. पाणी नुसतं गरम असताना घाई करून पिठी घातली की उकड कच्ची राहते. वरून छान दिसते, वळतानाही फसवते आणि वाफ लागली की तडकते.

पिठी आंबेमोहोराची मिळाली तर उत्तम, वास सुंदर येतो आणि चिकटपणाही बेताचा असतो. बासमती तुकड्याचीही चांगली होते. तांदूळ धुऊन सावलीत वाळवून दळून आणण्याचा हट्ट यंदा धरू नकोस. पावसाळ्यात फ्लॅटमध्ये तांदूळ नीट वाळत नाहीत, आंबूस वास धरतात. चांगल्या दुकानातून ताजी, मऊसूत दळलेली मोदकपिठी आण आणि घरी आल्यावर एकदा बारीक चाळणीने चाळ.

21 मोदकांना अडीच वाट्या पिठी पुरते. जाड बुडाच्या पातेल्यात तेवढंच, म्हणजे अडीच वाट्या पाणी घे. त्यातली अर्धी वाटी काढून दूध घातलंस तर मोदक पांढरेशुभ्र आणि मऊ होतात. चिमूटभर मीठ आणि दोन चमचे तूप घाल. उकळी फुटली की गॅस बारीक कर, सगळी पिठी एकदम ओत आणि लाकडी उलथन्याने भराभर ढवळ. झाकण ठेवून दोन मिनिटं मंद आचेवर वाफ येऊ दे. मग गॅस बंद कर, पण झाकण पाच मिनिटं काढू नकोस. जुन्या तांदळाची पिठी पाणी जास्त पिते, नव्याची कमी. म्हणून चार-पाच चमचे उकळतं पाणी बाजूला ठेव आणि लागलं तर मळताना वापर.

मळणं हा खरा कष्टाचा भाग, आणि तिथेच बहुतेक जणी माघार घेतात. उकड गरम असतानाच मळायची असते. हात भाजतात हे खरं आहे. आधी वाटीच्या बुडाने दाबून घे, मग पाण्याचा आणि तेलाचा हात लावत मळ. सगळी एकदम परातीत काढू नकोस. अर्धी काढ, बाकीची झाकलेली राहू दे. लिंबाएवढा गोळा तळहातावर दाबून बघ. कडा तुटक झाल्या तर आणखी मळ. कडा गुळगुळीत राहिल्या तर आता कुठलीही सून त्याचे मोदक करू शकते. मळलेला गोळा ओल्या फडक्याखाली ठेव. पंख्याखाली उघडा राहिला तर पाच मिनिटांत वरची साय वाळते आणि तीच पुढे फाटते. पंखा बंद केल्यावर घरातले सगळे "उकडतंय, उकडतंय" करतील. करू देत.

दोन मध्यम नारळ खवले की साधारण चार वाट्या चव, म्हणजे खवलेलं खोबरं, निघतं. त्याला दोन वाट्या चिरलेला गूळ. मंद आचेवर गूळ विरघळून सारण पातेल्याच्या कडा सोडायला लागलं की उतरव. इथे दोन्हीकडून घात होतो. लवकर उतरवलंस तर गुळाचं पाणी सुटून पारी फोडतं आणि मोदकाच्या बुडाशी तपकिरी डाग पडतो. जास्त वेळ ठेवलंस तर गार झाल्यावर त्याची चिक्की होते. भाजलेली खसखस, वेलची आणि किंचित जायफळ शेवटी घाल. केशर, काजू, बेदाणे कुणी घालायला सांगेल. घालायला हरकत नाही, पण माझं मत विचारशील तर ताज्या खोबऱ्याच्या आणि गुळाच्या मध्ये काजूचं काही काम नसतं. सारण पूर्ण गार झाल्यावरच भर. कोमट सारण आतून वाफ सोडतं आणि पारी ओली करतं.

पारी मध्यभागी किंचित जाड आणि कडेला पातळ हवी. आपण नेमकं उलटं करतो, मध्ये अंगठा रुतवून बूड पातळ करतो आणि मग बूडच फुटतं. कळ्या नऊ पडल्या तरी मोदक दिसतो, अकरा-बारा पडल्या तर देखणा दिसतो. कळ्या पाडून झाल्या की पारी मुठीत फिरवत अलगद वर आण आणि टोक मिटव. मिटताना तिथे सारणाचा एक कणही राहू देऊ नकोस. गुळाचा ओलावा लागला की टोक पुन्हा उघडतं.

वाफवण्याआधी प्रत्येक मोदक क्षणभर पाण्यात बुडवून काढ. ही एक गोष्ट केलीस तरी निम्मे मोदक वाचतील. वाफ लागेपर्यंत वरचा पापुद्रा ओला राहतो आणि तडकत नाही. खाली हळदीचं पान घाल. या दिवसांत जांभळी नाक्याच्या बाजारात पत्रीबरोबर ती पानं मिळतात. नाही मिळाली तर केळीचं पान, तेही नसेल तर ओलं पातळ फडकं. पाणी आधी उकळू दे, मग मोदक ठेव, दहा-बारा मिनिटं पुरतात. मोदकपात्र नसेल तर इडलीपात्राला चाळणी बसव, नाहीतर कुकरची शिट्टी काढून वापर. मोदकांवर चकाकी आली आणि ओल्या बोटाला चिकटले नाहीत की झाले. गॅस बंद केल्यावर मिनिटभर थांब आणि ओल्या हातांनी उचल.

एवढं करूनही दोन-चार फुटतील. तेवढ्यासाठी तीन वाट्या पिठीची उकड काढ आणि 21 ऐवजी 25 वळ. उरलेल्या उकडीत हिरवी मिरची, जिरं आणि मीठ कुटून घाल, छोटे चपटे गोळे करून त्याच वाफेत ठेव. या निवगऱ्या कच्चं तेल किंवा दही घालून खायच्या. आमच्याकडे मोदकांपेक्षा निवगऱ्यांवर जास्त भांडणं होतात, म्हणून उकड जरा जास्तच काढतात.

साच्याचं तू विचारलं नाहीस, पण मनात आलं असेलच. साचा घरात आणून ठेव. आतून तूप लावलंस की मोदक सुटून येतो. पारी थोडी जाड होते एवढंच. सकाळी हात थरथरायला लागले तर सरळ साचा काढ. नैवेद्याला साच्यातला मोदक चालत नाही, असं मी कुठे वाचलेलं नाही.

आता आत्येसासूबाई. त्यांच्यासाठी परातीजवळ एक पाट आणि पाठ टेकायला उशी ठेव. "आत्या, तुमच्यासारख्या कळ्या कुणालाच पडत नाहीत, नैवेद्याचे पहिले पाच तुम्हीच वळा ना," असं म्हण आणि पारी हातात दे. यात खोटं काही नाही, पाकळ्या मोजणाऱ्या बाईला त्या पाडताही येत असतात. पाच म्हणता म्हणता त्या पंधरा करतील. उरलेल्या दहांच्या पाकळ्या कुणी मोजणार नाही, कारण मोजणारी व्यक्ती स्वतःच पीठ भरल्या हातांनी बसलेली असेल.

बाकीचं पान साधं ठेव. साधं वरण, भात, बटाट्याची पिवळी भाजी, अळूचं फतफतं, डाळिंब्यांची उसळ, काकडीची कोशिंबीर, पंचामृत (पूजेचं दुधादह्याचं नव्हे, पानात वाढायचं चिंचगुळाचं), ओल्या नारळाची चटणी, मसालेभात. पुऱ्या मात्र रद्द कर. यावर घरात वाद होईल, तरी सांगते. एक किलो कणकेच्या साठ-पासष्ट पुऱ्या होतात, म्हणजे 22 माणसांना दीड किलो मळावी लागेल, आणि त्या गरमच वाढायच्या म्हटल्या तर एक बाई लाटत आणि एक बाई तळत अख्खी पंगत ओट्याशी उभी राहील. त्या बायका कोण असतील, हे मला पत्र न वाचताही सांगता आलं असतं. नैवेद्याच्या पानापुरत्या पाच पुऱ्या तळ. बाकीच्यांना जवळच्या पोळीभाजी केंद्रातून 50 मऊ पोळ्या आण. दोन प्रकारचा भात, मोदक आणि वर तूप असताना पुरीची आठवण कुणाला येत नाही. ज्याला येईल त्याने उठून लाटावी.

अंदाज हवेत म्हणून देते: दोन्ही भातांचे मिळून दीड किलो तांदूळ, अर्धा किलो तूरडाळ, दोन किलो बटाटे, पाऊण किलो कडवे वाल, दीड किलो काकडी, अळूच्या मोठ्या चार जुड्या. कांदा-लसूण कशातच नाही, तेव्हा हिंग, जिरं, खोबरं आणि गोडा मसाला यांच्यावरच भिस्त ठेवायची.

अळूची धास्ती घेऊ नकोस. घसा खवखवतो तो अळूतल्या ऑक्झलेटच्या सुईसारख्या बारीक स्फटिकांमुळे. त्यावर घरोघरचा तोडगा म्हणजे चिंच किंवा आंबट चुका, आणि पाला व्यवस्थित शिजवणं. चिरताना हाताला तेल किंवा चिंचेचा कोळ लाव. देठं सोलून बारीक चिरून त्यातच घाल. भिजवलेली हरभराडाळ आणि शेंगदाणे वेगळे शिजवून घे, कारण चिंच पडली की डाळ शिजायचं नाव घेत नाही. काकडीला मीठ वाढायच्या वेळीच लाव, नाहीतर कोशिंबिरीची आमटी होते.

डाळिंब्यांचं वेळापत्रक सगळ्यात आधी सुरू होतं, म्हणून त्याच विसरल्या जातात. चतुर्थीच्या तीन दिवस आधी रात्री वाल भिजव. सकाळी उपसून फडक्यात बांध. आदल्या दिवसापर्यंत चांगले मोड येतील. त्या संध्याकाळी कोमट पाण्यात घालून सोलायचे. पाऊण किलो वाल सोलणं हे एकट्या बाईचं काम नाहीच. नवरा, सासरे, मुलं यांना टीव्हीसमोर बसव, मध्ये परात ठेव. तासाभरात होतं. पहिल्या दहा मिनिटांत निम्मे वाल टीव्हीकडे उडतील, नंतर अंगठ्याला वळण पडतं. सोललेल्या डाळिंब्या पाण्यात घालून रात्रभर फ्रिजमध्ये ठेव.

आदल्या दिवशी हरतालिका असते हे विसरू नकोस. सासूबाईंचा उपास असणार, कदाचित तुझाही. रिकाम्या पोटी बाजारहाट आणि नारळ खवणं दोन्ही अंगावर घेऊ नकोस. नारळ खवण्याचं काम उपास न करणाऱ्या पुरुषमंडळींचं. खवणीवर बसायला शिकवावं लागेल आणि "पांढरा भाग संपला की थांबा, पाठीचा काळपट काढू नका" हे दोनदा सांगावं लागेल, पण शिकतात. पंचामृत दोन-तीन दिवस आधी करून ठेवता येतं, मुरलेलंच बरं लागतं. गूळ चिरणं, खसखस भाजणं, वेलची कुटणं, सगळं आधीचं. मात्र सासूबाईंना एक विचारून घे: तुमच्याकडे नैवेद्याचं सगळं त्याच दिवशी, अंघोळ करून, सोवळ्यात करायची पद्धत आहे का? असेल तर सारण आदल्या रात्री शिजवू नकोस, नुसती तयारी करून ठेव. सकाळी वीस मिनिटांत सारण होतं. हा प्रश्न आठवडाभर आधी विचारलास तर ती चर्चा राहते. चतुर्थीच्या सकाळी निघाला तर भांडण होतं.

आता मीठ. न चाखता स्वयंपाक करायचा तर आधी चाखून मोजून ठेवावं लागतं. चतुर्थीच्या आधीच्या रविवारी चार माणसांपुरता हाच बेत कर, मोदकांसकट. प्रत्येक पदार्थाला किती सपाट चमचे मीठ लागलं ते कागदावर लिही. उदाहरणार्थ, एक किलो बटाट्याच्या भाजीला चहाचे दोन सपाट चमचे मीठ पुरतं. तुझा चमचा आणि तुझं मीठ यांचा अंदाज तुलाच लिहून काढावा लागेल. मोठ्या प्रमाणावर करताना हिशोबापेक्षा थोडं कमीच घाल. नैवेद्याच्या पानात डावीकडे सगळ्यात वर मीठ वाढतात, त्याच्या शेजारी लिंबू, मग चटणी, कोशिंबीर. हा क्रम लावणारी कुणी अनुभवी बाईच असणार. खारट झालेल्या आमटीला मात्र पानात कुठेच उपाय नसतो. बाप्पाला नैवेद्य दाखवून झाला की पहिला घास तू चाख, पंगत बसायच्या आधी. तेव्हा दुरुस्ती करायला पाच मिनिटं असतात आणि चाखायला परवानगीही असते.

चतुर्थीचा दिवस उलटीकडून मोज. पूजा मध्यान्हीची, म्हणजे नैवेद्य साधारण साडेबाराला धर. मोदक वाफेवरून थेट पानात जायचे असतील तर बारा वाजता शेगडीवर चढले पाहिजेत. दहा ते साडेअकरा वळायला, त्याआधी अर्धा तास उकडीला, त्याआधी भाज्या. म्हणजे सहाला अळू आणि वरणाचा कुकर, सातला बटाटे, आठला डाळिंब्या, नऊला चटणी. गुरुजी नऊची वेळ देऊन बाराला येतात किंवा बाराची देऊन नऊला, त्यांना त्या दिवशी दहा घरं असतात. तेव्हा मोदक वळून ओल्या फडक्याखाली तयार ठेव आणि पूजा संपत आली की वाफेला लाव. शेगडीला दोनच बर्नर असतील तर मसालेभात शेजारच्यांच्या ओट्यावर होऊ दे. त्यांना प्रसाद द्यायचाच आहे, मोठं पातेलंही त्यांच्याचकडे असेल. बहुधा त्यावर कुणाच्या तरी लग्नाची तारीख कोरलेली असेल, ती वाचून परत कर.

नैवेद्य होईपर्यंत मोठी माणसं थांबतील, पोरं थांबत नाहीत. त्यांना सकाळी पोहे आणि केळी देऊन टाक. मधुमेहवाल्या मंडळींनाही साडेबारापर्यंत उपाशी ठेवू नकोस.

पंगती दोन कर, अकरा-अकराच्या. पहिल्या पंगतीत मुलं, म्हातारी माणसं आणि आत्येसासूबाई. दुसऱ्या पंगतीत तू बस. "मी मागाहून बसते" म्हणायचं नाही. पहिल्या पंगतीत जेवून उठलेल्यांनी दुसरीला वाढायचं, हे नवऱ्याने आधीच जाहीर करायचं, कारण तू सांगितलंस तर ती तक्रार वाटते आणि त्याने सांगितलं तर ती व्यवस्था वाटते. असं का होतं ते मला विचारू नकोस, पण तोपर्यंत त्याचा उपयोग करून घे. मोदकाची शेंडी मोडून आत तूप ओतायचं काम सगळ्यात लहान मुलाला दे. तूप जरा जास्त जाईल, तक्रार कुणी करणार नाही.

दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी. चतुर्थीच्या रात्री तू गळून गेलेली असशील, म्हणून ऋषीची भाजी ही देवाचीच कृपा समज. फोडणी नाही, मसाला नाही. अळू, भेंडी, पडवळ, शिराळं, लाल भोपळा, सुरण, मक्याच्या कणसाचे तुकडे, ओल्या भुईमुगाचे दाणे, हवा तर लाल माठ, सगळं एका पातेल्यात. चिंच, मिरची, मीठ आणि वरून भरपूर खोबरं. बैलाच्या श्रमाचं काही खायचं नाही अशी त्या दिवसाची रीत, म्हणून परसातल्या आणि हाताने लावलेल्या भाज्या. सुरण आधी शिजायला टाक, भेंडी शेवटी. उरलेले मोदक फ्रिजमधून काढून सकाळी वाफव, किंवा अर्धे चिरून तुपात खरपूस परत. हे दुसरं मला जास्त आवडतं.

संध्याकाळी विसर्जन. बाप्पाच्या शिदोरीला दहीपोहे आणि खिरापतीला वाटली डाळ. खोबरं, खारीक, खसखस, खडीसाखर, खिसमिस यांचं पंचखाद्य आदल्या आठवड्यातच कुटून बरणीत भरून ठेव, म्हणजे ऐनवेळी डाळ कमी पडली तरी हातावर ठेवायला काहीतरी असेल. डाळ वाटताना पाणी घालू नकोस, भरड वाट, आणि फोडणीत परतताना झाकण ठेवून दोन वाफा काढ म्हणजे कोरडी होत नाही. लिंबू गॅस बंद केल्यावर पिळ. अर्धा किलो हरभराडाळ लागेल. ती पंचमीच्या दुपारी बाराच्या आत भिजत घाल, चार-पाच तास तरी तिला हवेत.

– तुझी ताई